कोलोनच्या डोमचा रात्रीचा फोटो काढायचाय? मग उजेडातच निघा

पहिल्या रात्री मी जर्मनीतल्या कोलोनच्या डोमचे, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या चर्चचे, चौऱ्याण्णव फोटो काढले. त्यातला एकही आजवर कुणाला दाखवलेला नाही. ऑक्टोबरचा मध्य होता. दिवसभर भाच्याबरोबर आखेनमध्ये हिंडले, त्याच्या खोलीवर खिचडी खाल्ली आणि तासाभराचा प्रवास करून रात्री दहाला कोलोनला उतरले. रात्रीचा फोटो म्हणजे रात्री जायचं, एवढीच अक्कल होती. मुक्कामावर येऊन बघते तर काळंकुट्ट आभाळ, त्यात राखाडी पडलेलं काहीतरी अवाढव्य आणि खाली चौकातल्या दिव्यांचे भगभगीत पिवळे डाग.

भाच्याला पाठवले, तर त्याचा निरोप आला, "मावशी, तू डोमच्या पायाशी उभी राहून डोम शोधत होतीस. उद्या नदी ओलांड. आणि सहाला पोच." दुसऱ्या दिवशी ऐकलं त्याचं. वीस मिनिटांत सात फोटो मिळाले आणि त्यातला एक आता आईच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे. त्यानंतर दोनदा जाणं झालं, दर वेळी एखादी नवी चूक केली. त्या सगळ्या चुका इथे क्रमाने मांडते आहे, म्हणजे तुमच्या वाट्याला आलेली एकुलती एक संध्याकाळ वाया जायची नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू. डोम म्हटल्यावर घुमट शोधू नका. जर्मन लोक शहराच्या मुख्य चर्चला डोम म्हणतात. इथे घुमट नाही, दोन टोकदार मनोरे आहेत. स्टेशनच्या पाटीवर कोलोन दिसणार नाही, 'क्योल्न' दिसेल. मुख्य स्टेशन म्हणजे 'हाउप्टबानहोफ', ते डोमला अगदी खेटून आहे. 'क्योल्न मेसे/डॉइट्स' हे नदीपलीकडचं वेगळं स्टेशन. लांब पल्ल्याच्या काही गाड्या फक्त तिथेच थांबतात, तेव्हा तिकिटावर नाव नीट वाचा.

१. जाण्याआधी सीएसएमटीवर सराव करा

हे गमतीने म्हणत नाही. डोमची पायाभरणी १२४८ सालची, पण आज जे दोन मनोरे आपण बघतो ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहेत. १५६० च्या सुमाराला काम थांबलं. दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच शेकडो वर्षं उभी होती; ती उतरली १८६८ मध्ये. १८४२ ला काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० ला संपलं. म्हणजे तिकडे मनोरे चढत होते त्याच काळात मुंबईत राजाबाई टॉवर उभा राहिला (१८७८) आणि व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम चालू झालं. टोकदार कमानी, दगडी नक्षी, कोपऱ्याकोपऱ्यावरची सुळकेवजा शिखरं हे सगळं घराजवळ हजर आहे.

तेव्हा एका संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कडेला किंवा सीएसएमटीच्या समोर जाऊन कॅमेऱ्याची बटणं अंधारात हाताला लागतात का, ते बघा. मला कोलोनमध्ये दोन सेकंदांचा टायमर कुठल्या मेनूत आहे ते सापडायला चार मिनिटं लागली, तीसुद्धा नेमकी आभाळ सर्वांत सुंदर असताना. मुंबईत रस्त्यावर ट्रायपॉड लावला तर पोलीस हटकू शकतात. वाद न घालता आवरतं घ्या, सराव रेलिंगवर कॅमेरा टेकवूनही होतो.

२. कागद आणि सामान

कागद थोडेच, पण ते मूळ हवेत:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. रात्री स्टेशनच्या परिसरात पोलीस ओळखपत्र बघू शकतात, म्हणून किमान त्यांची प्रत अंगावर ठेवा.
- प्रवास विमा. व्हिसासाठी निदान तीस हजार युरोचं संरक्षण लागतंच, पण कॅमेरा चोरीला गेला तर त्यात भरपाई मिळते का, ते वेगळं वाचून घ्या. बहुतेकदा बारीक अक्षरात मर्यादा घातलेली असते.
- कॅमेरा आणि लेन्स महाग असतील तर खरेदीची बिलं. भारतातून निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं. परत येताना 'हे तिकडून आणलं का' या प्रश्नाला तो कागद पुरतो. त्यासाठी विमानतळावर थोडं लवकर पोचायला हवं आणि कस्टम्सची भेट सामान चेक-इन करण्याआधी घ्यायला हवी.

सामानात ट्रायपॉड सगळ्यात महत्त्वाचा. फार हलका घेऊ नका, पण खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर चालवेल असा घ्या. तो चेक-इन बॅगेत टाका. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, हा विमानप्रवासाचा नियम आहे. निदान दोन जादा बॅटऱ्या घ्या, थंडीत त्या पटापट उतरतात. त्यातली एक पँटच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची.

लेन्स कुठली? फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४-७० मिमीची असेल तर नव्वद टक्के काम होतं. जवळच्या फोटोंसाठी १६-३५ असली तर मजा आहे. याशिवाय लेन्स पुसायचं कापड, प्लॅस्टिकची एक पिशवी (पाऊस), बोटं उघडी राहणारे हातमोजे आणि छोटी विजेरी. रिमोट नसला तरी चालतं, कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर पुरतो.

३. वेळ ठरवा. सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं

आपल्याकडे सूर्य मावळला की वीस-बावीस मिनिटांत अंधार. कोलोन बऱ्याच उत्तरेला, सुमारे ५१ अंश अक्षांशावर आहे. तिथे सूर्य तिरका जातो, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळतो: ऑक्टोबरात तेहतीस-चौतीस मिनिटं, जूनमध्ये जवळजवळ पाऊण तास. जूनअखेरीला तर आभाळ रात्रभर पूर्ण काळं होतच नाही.

तुम्हाला हवी आहे ती सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटापासून चाळिसाव्या मिनिटापर्यंतची वेळ. फोटोवाले तिला ब्लू अवर म्हणतात. तेव्हा आभाळाचा निळा उजेड आणि दिव्यांचा उजेड तुल्यबळ असतो, मनोऱ्यांची सगळी शिखरं आभाळावर कोरल्यासारखी दिसतात. त्यानंतर आभाळ काळं, आणि डोमही काळा.

हो, डोम काळाच आहे. वालुकाश्म आणि इतर दगड मुळात फिके होते. कोळशाचा धूर, शेजारच्या स्टेशनातल्या वाफेच्या इंजिनांची काजळी आणि हवेतलं आम्ल यांनी दीडशे वर्षांत ते काळवंडले. काळ्या दगडाची इमारत काळ्या आभाळावर ठेवून तुम्ही कितीही महागडा कॅमेरा रोखलात, तरी कडा सुटून दिसणार कशा?

सूर्यास्ताच्या ढोबळ वेळा लिहून ठेवा. डिसेंबरात दुपारी साडेचार, मार्चच्या विषुवदिनाला पावणेसात, जूनअखेर रात्री पावणेदहा उलटल्यावर, सप्टेंबरअखेर सव्वासातच्या आतबाहेर, ऑक्टोबरच्या मध्याला पावणेसातच्या जरा आधी. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासाने पुढेमागे होतात, ते लक्षात असू द्या. उन्हाळ्यात लहान मुलं बरोबर असतील तर ब्लू अवर म्हणजे रात्रीचे साडेदहा. झोपाळलेली मुलं आणि ट्रायपॉड हे एकत्र जमत नाही. मला विचाराल तर ऑक्टोबर किंवा मार्च घ्या.

आणि रोषणाईची खात्री गृहीत धरू नका. २०२२ च्या ऊर्जाटंचाईत जर्मनीने इमारती आणि स्मारकांच्या बाहेरच्या रोषणाईवर बंधनं घातली होती. जानेवारी २०१५ मध्ये स्थलांतरितांविरुद्धच्या एका मोर्चाच्या निषेधार्थ डोमने स्वतःच दिवे मालवले होते. मार्चमधल्या अर्थ अवरलाही (जगभर तासभर दिवे मालवतात तेव्हा) अंधार असतो. रात्री अकरानंतर दिवे असतीलच असं समजून बेत आखू नका. तसाही तोवर आपला फोटो होऊन गेलेला असतो.

४. दुपारी एक चक्कर मारून या

मोठी बॅग हाउप्टबानहोफमधल्या लॉकरमध्ये टाका. तिथली पद्धत मजेशीर आहे: खिडकीवजा खणात बॅग ठेवायची, पैसे भरायचे, दार बंद होतं आणि बॅग जमिनीखाली कुठेतरी निघून जाते. परत हवी असेल तेव्हा कार्ड घातलं की यंत्र ती वर आणून देतं. ते कार्ड जिवापाड जपा. ट्रायपॉड आणि हातमोजे काढून घेतले आहेत ना, ते बॅग आत जाण्याआधी बघा. मी हातमोजे विसरले होते आणि बॅग परत मागवायची म्हणजे पुन्हा पैसे.

मग चालत फिरा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, परांची कुठे बांधली आहे. डोमची स्वतःची कारागिरांची कार्यशाळा आहे, दगड बदलणं, काचा दुरुस्त करणं बारमाही चालू असतं. डोम ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवशी जग बुडेल, असं कोलोनकर म्हणतात. कुठली बाजू झाकलेली आहे त्यावरून कोन ठरवा. दुसरी, उभं राहायच्या जागा. तिसरी, संध्याकाळी वाटेत काही कार्यक्रम, जत्रा, कुंपण आहे का. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून नाताळपर्यंत दक्षिणेच्या रोंकालीप्लात्झ चौकात बाजार भरतो. दिव्यांच्या माळा सुरेख दिसतात, पण गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. ११ नोव्हेंबरला कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो, त्या दिवशी तर कॅमेराच घरी ठेवा आणि मजा बघा.

आत जाऊन यायचं तेही दिवसाच. प्रार्थना चालू असताना फोटो काढायचे नाहीत, फ्लॅश आणि ट्रायपॉड आत वापरायचा नाही. दक्षिणेकडची गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराची खिडकी चुकवू नका. ७२ रंगांच्या अकरा हजारांवर काचेच्या चौकोनी तुकड्यांची, २००७ सालची. दुपारच्या उन्हात तिचा रंग फरशीवर सांडतो. रात्री बाहेरून त्याचा मागमूसही नसतो.

५. संध्याकाळी थेट नदीपलीकडे, डॉइट्सला

डोमच्या पाठीमागून, म्हणजे पूर्वेकडून, होहेनझोलर्न पूल ऱ्हाईन नदी ओलांडतो. चारशे मीटरच्या वर लांबी आहे, पायी सात-आठ मिनिटं. दक्षिणेकडच्या पादचारी मार्गाच्या जाळीवर प्रेमी युगुलांनी लावलेली कुलपं आहेत, लाखोंनी असावीत. किल्ली नदीत टाकायची अशी रीत आहे. चालायचा कंटाळा असेल तर हाउप्टबानहोफवरून लोकल गाडीने एकच स्टेशन.

पलीकडे उतरलात की पुलाच्या दक्षिण अंगाला काठाकाठाने थोडं चाला आणि मागे वळून बघा. डावीकडून पूल तिरका येणार की उजवीकडून, हे तुम्ही कुठे थांबता त्यावर आहे. पुलाच्या दक्षिणेला उभं राहिलात तर पुलाच्या कमानी उजवीकडून निघून डोमकडे धावतात. कोलोनचा जो फोटो सगळीकडे दिसतो, तो या बाजूचा. काठावर रुंद दगडी पायऱ्या आहेत, आपल्या घाटासारख्या. तिथे मंडळी बाटल्या घेऊन गप्पा मारत बसलेली असतात. जागा धरायला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा.

इथून दिसते ती डोमची पाठ, म्हणजे वेदीकडची गोलसर बाजू. हा भाग खरोखरच मध्ययुगीन आहे, १३२२ ला त्याचं पवित्रीकरण झालं. तुमचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे मावळतीचा सगळा उजेड डोमच्या मागे राहतो. मार्च आणि सप्टेंबरात सूर्य जवळजवळ डोमच्या रेषेतच उतरतो, जूनमध्ये बराच उजवीकडे, डिसेंबरात डावीकडे. उजेडाची ही सोय समोरच्या बाजूने कधीच मिळत नाही, म्हणूनच आधी इथे यायचं.

एक हमखास फसगत: डावीकडे, पाण्याच्या जवळ एक जाड चौकोनी मनोरा आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार छोटे मनोरे दिसतील. ते ग्रोस सांक्ट मार्टिन, वेगळं आणि डोमच्या पायाभरणीच्याही आधीचं चर्च. फोटोत त्याला जरूर घ्या. फक्त खाली डोम असं लिहू नका, माझ्या मामेबहिणीने लिहिलं होतं.

लेन्सचा हिशेब सांगते. मनोरे १५७ मीटर उंच आहेत आणि तुम्ही त्यांच्यापासून सहा-सातशे मीटर दूर. आडव्या फोटोत ५० मिमीला डोम फ्रेमच्या साधारण निम्म्या उंचीचा येतो, १०० मिमीला काठोकाठ भरतो. पूल आणि डोम दोन्ही हवेत तर ३५ च्या आसपास.

उंचावरून हवा असेल तर याच काठावर क्योल्न ट्रायअँगल नावाची इमारत आहे, तिच्या गच्चीवर १०३ मीटर उंचीवर तिकीट काढून जाता येतं. समोर काच आहे, म्हणून लेन्स काचेला जवळजवळ टेकवायची आणि भोवती काळा स्कार्फ धरायचा, नाहीतर स्वतःचंच जाकीट फोटोत येतं. जाण्याआधी ट्रायपॉड चालतो का आणि गच्ची किती वाजेपर्यंत उघडी आहे, ते विचारून घ्या. या काठावरच्या उंच इमारतींच्या बेतांवरूनच २००४ मध्ये युनेस्कोने डोमला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं होतं. शहराने बेत आवरते घेतले, तेव्हा २००६ मध्ये नाव निघालं.

६. कॅमेरा असा लावा

ट्रायपॉडवर कॅमेरा बसवलात की स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद करा. रॉ फाइल (नंतर हवी तशी सुधारता येणारी मूळ फाइल) चालू करा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८. फोकस डोमच्या उजळ कडेवर ऑटोने पकडायचा आणि मग मॅन्युअलवर टाकून द्यायचा, म्हणजे अंधार वाढल्यावर लेन्स पुढेमागे चाचपडत बसत नाही. शटरचा वेग माझ्या एका संध्याकाळच्या फायलींवरून सांगते: सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी दोन सेकंद, पंचवीस मिनिटांनी आठ सेकंद, चाळीस मिनिटांनी वीस. ढग असतील तर हे आकडे बदलणारच.

कॅमेऱ्याला काळी इमारत आवडत नाही. तो तिला राखाडी करायला बघतो आणि त्या नादात दिवे जाळून टाकतो. म्हणून एक्स्पोजर मीटरच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) ठेवा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघा. पहिल्या रात्री माझा डोम राखाडी आला तो याच कारणाने. डोमला काळा राहू द्या. शंका असेल तर दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो घ्या, नंतर जोडता येतात.

रंगाचा तिढा वेगळाच. माझ्या फोटोंत भिंतींवरचा उजेड किंचित हिरवट पांढरा आला, पुलावरचा पिवळसर आणि आभाळ तर निळं. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय) दर फोटोला वेगळं काहीतरी ठरवत होता. सरळ ३८०० केल्विनवर ठेवा आणि बाकीचं घरी बघा.

ऱ्हाईन इथे डावीकडून उजवीकडे जोरात वाहते. आठ-दहा सेकंदांत पाणी गुळगुळीत होतं आणि दिव्यांचे लांब पट्टे उतरतात. मधून मालवाहू बार्ज जातात, लांबच लांब. बार्ज आली की शिव्या घालू नका, वीस सेकंदांचं एक्स्पोजर लावा, तिच्या दिव्यांची एक बारीक रेघ पाण्यावर ओढली जाते. पुलावरच्या गाड्यांचंही तसंच. गाडी पुलावर शिरताना शटर दाबलं की खिडक्यांचा सोनेरी पट्टा मिळतो. गाड्यांना तोटा नाही, एक चुकली तर दोन मिनिटांत दुसरी.

मोबाइल असेल तर: नाइट मोड, मुख्य कॅमेरा (०.५ चा वाइड नको, अंधारात तो फार दाणेदार येतो), फोन कठड्याला घट्ट टेकवलेला, तीन सेकंदांचा टायमर. पडद्यावर डोमवर बोट ठेवून उजेड खाली ओढा, बराच खाली. झूम करू नका.

७. मग पश्चिमेचा दर्शनी भाग

ब्लू अवर संपला की पूल ओलांडून परत या. आता समोरचा चौक. इथे एक गोष्ट मनाला पटवून घ्या: आख्खा दर्शनी भाग सरळ उभा येणार नाही. कॅमेरा सपाट धरून १६ मिमीच्या लेन्सनेसुद्धा, फ्रेम उभी घेऊन, १५७ मीटर मावायला सुमारे १४० मीटर मागे जावं लागतं. चौकात तेवढं मोकळं मागे सरकता येत नाही. कॅमेरा वर केलात की मनोरे मागे कलंडतात. अर्धवट कलंडलेला मनोरा चूक वाटते. त्यापेक्षा पार दाराजवळ जाऊन जवळजवळ उभा वर रोखा, तेव्हा ते कलणंच फोटोचा विषय होतं. दुसरा मार्ग, थोडं कलंडू द्या, चारही बाजूंनी भरपूर जागा सोडा आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा. कडा कापल्या जातात म्हणून जागा सोडायची.

मला इथे सगळ्यात आवडतं ते दगडाचं फूल. मनोऱ्याच्या शेंड्यावर जे फुलाच्या आकाराचं टोक आहे त्याची मूळ मापाची प्रतिकृती चौकात ठेवली आहे, साडेनऊ मीटर उंच, आपल्या तीन मजल्यांएवढी. वर बघितलं तर तेच टोक चिमटीत मावेल एवढं. प्रतिकृतीच्या पायथ्याशी कॅमेरा जमिनीलगत लावून, पुढे ते फूल आणि मागे मनोरे असा फोटो घ्या. उंचीचा अंदाज दुसऱ्या कशानेच असा येत नाही. शेजारी बरोबरचं माणूस उभं करा, फक्त आठ सेकंद हलू नको म्हणावं.

पाऊस पडून गेला असेल तर नशीबवान आहात. फरसबंदीवर पाण्याची डबकी साचतात, कॅमेरा त्यांच्या काठाशी पार खाली न्या, मनोरे उलटे पाण्यात. चपला-बूट भिजतात, पण ते चालायचंच.

वारा मात्र सांभाळा. मनोऱ्यांच्या पायथ्याशी तो अंगावर येतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय फाकवा, खाली पाठपिशवी अडकवा. आणि ती पिशवी हेलकावे खाईल अशी लोंबकळत ठेवू नका, जमिनीला टेकेल एवढी खाली असू द्या.

८. पुलावरून फोटो काढण्याचा मोह

परत येताना कुलपांमधून डोमचा फोटो घ्यावासा वाटतो. घ्या, पण पुलावर लांब एक्स्पोजर चालत नाही. बाजूनेच रेल्वे धावते, गाडी आली की सगळा पूल थरथरतो आणि ट्रायपॉड त्याच्याबरोबर. माझ्या पहिल्या रात्रीच्या चौऱ्याण्णवांतले तीस तरी यातच गेले. इथे आयएसओ १६०० पर्यंत चढवा, वेग सेकंदाच्या आत आणा, दोन गाड्यांच्या मधली शांतता पकडा. पादचारी मार्गावर सायकलीही येतात, ट्रायपॉडचे पाय आडवे पसरू नका.

९. नियम आणि माणसं

रस्त्यावरून, सार्वजनिक जागेवरून इमारतीचा फोटो काढायला आणि वापरायला जर्मनीत कायद्याने मोकळीक आहे. व्यावसायिक चित्रीकरण, दिवे, मॉडेल वगैरे लवाजमा असेल तर परवानगी घ्या. ड्रोन आणूच नका: रेल्वे आणि ऱ्हाईनसारख्या जलमार्गाच्या शंभर मीटरच्या आत विनापरवाना उडवता येत नाही, आणि इथे दोन्ही एकत्र आहेत.

माणसांच्या बाबतीत जर्मन मंडळी फार काटेकोर आहेत. अनोळखी चेहरा, विशेषतः मूल, जवळून टिपू नका. पायऱ्यांवर बसलेल्यांनी हात हलवून नको म्हटलं तर 'एंटशुल्डिगुंग' म्हणायचं, म्हणजे माफ करा, आणि कॅमेरा वळवायचा.

मी एकटीच होते. नदीकाठी आणि चौकात रात्री नऊपर्यंत भरपूर वर्दळ होती, भीती वाटली नाही. स्टेशनभोवती खिसेकापूंचा त्रास मात्र कुठल्याही मोठ्या स्टेशनसारखाच. पडद्यात डोळे घालून उभे असताना पिशवी पायाशी नुसती ठेवू नका, तिचा पट्टा ट्रायपॉडच्या पायात किंवा स्वतःच्या पायात अडकवा. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२.

१०. जागेवरून हलण्याआधी

शेवटचा फोटो पूर्ण झूम करून बघा. आख्खा फोटो छोट्या पडद्यावर नेहमीच छान दिसतो, मनोऱ्याच्या शेंड्यावरची नक्षी मोठी केली की हललेलं कळतं. हललेलं असेल आणि आभाळात अजून थोडा निळा शिल्लक असेल तर तिथल्या तिथे पुन्हा घ्या.

मग कार्ड काढून खिशात, लॉकरचं कार्ड दुसऱ्या खिशात, आणि शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवलेली. स्टेशनात गरम कॉफी मिळते. आखेनच्या गाडीत बसल्यावर मी भाच्याला दुसऱ्या दिवसाचा एक फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मावशी, हा चांगलाय. पण सगळ्यात उजवीकडे तुझ्या ट्रायपॉडच्या पट्ट्याचं टोक आलंय."